सगुणीचे डोळे

२ जुलै, बुधवार
आज एकवीस मूर्तींच्या डोळ्यांची आखणी झाली. डोळे म्हणजे आमच्या हमरापुरात शेवटचं काम. ते झालं की मूर्ती बघायला लागते, मग कारखान्यात शिव्या बंद. हात बरा चालतोय अजून. चष्म्याचा नंबर मात्र वाढलाय.

दुपारी रोह्याच्या मंडळाचा राजूशेठ आला. यंदा गणपतीसमोर देखावा सगुणीचा हवाय. पुरुषभर उंच बाई, हातात फळी, पायाशी भरतीचं पाणी. बांधाचं दार उघडून गाव बुडवणारी सगुणी, पिक्चरमुळे आता घराघरात पोचली आहे. मोबाईलवर नटीचा फोटो दाखवला. "विलासदादा, डोळे अस्सेच. काजळ फाकलेलं. पोरांनी आईचा पदर धरला पाहिजे."
म्हटलं, कादंबरी वाचलीस?
"पिक्चर आलाय ना. मग कादंबरी कशाला?"
नळी फुंकली सोनारे. ऑर्डर घेतली.

घरी बायकोला, कुंदाला, सांगितलं तर तिने भाकरी थापायची थांबवली. "नाही म्हणायचं होतंत." जेवण होईपर्यंत बाईसाहेब एवढंच बोलल्या.

५ जुलै, शनिवार
कु. अजून घुश्श्यात. तिचं बरोबर आहे, पण तिला तसं सांगणार नाही.

सगुणी म्हणजे माझी सोनामावशी. आईची धाकटी बहीण. कासूला उतरून खाडीकडे गेलं की गावाच्या अगदी शेवटी तिचं घर, पुढे भातशेती, त्यापुढे बांध. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा तिथे पावसाळ्यात एकदा बांधाचं दार, उघाडी म्हणतात तिला, भरतीच्या वेळी उघडं राहिलं. खारं पाणी आत आलं. तीन वर्षं गावात दाणा पिकला नाही. त्या दिवशी उघाडीवर मावशीला लोकांनी पाहिलं होतं. ती काही बोलली नाही, आणि दार तिनेच उघडलं असं गावाने धरून ठेवलं.

तिथल्या शाळेत तेव्हा एक मास्तर होते. त्यांनी पुढे कादंबरी लिहिली. सोनाची सगुणी केली. मास्तर गेले, कादंबरी धूळ खात पडली, आता पिक्चरवाल्यांनी ती उकरून काढली. सगुणी कोण हे कासूपासून वडखळपर्यंत जुन्या माणसांना ठाऊक आहे. बोलत कोणी नाही.

तिचाच पुतळा मी करणार. धन्य.

१२ जुलै, शनिवार
कारखान्यात दिवसभर ते गाणं. "सगुणी आली, गाव बुडवून गेली." बंद करा म्हटलं तर रंगारी हसतात. चाळीस वेळा ऐकलं असेल. त्यातून एक लक्षात आलं. गाणारी "बुडवून"च्या आधी श्वास घेते. खाली डीजे धडधडतोय, कंबर हलवायचं गाणं, आणि तो एवढासा श्वास घाबरलेल्या बाईचा आहे. गाणारीला ते कोणी सांगितलं असेल? बहुतेक कोणीच नाही.

संध्याकाळी कु.बरोबर मोबाईलवर पिक्चर बघितला. मास्तरांची सगुणी जमिनीसाठी उघाडी उघडते. खोताने शेत बळकावलेलं, तिचा संताप, शेवटी भाषण. पिक्चरमधली प्रेमभंगाने उघडते. गाण्यातलीला कारणच लागत नाही, ती चेटकीण आहे.
पण नटीने एका ठिकाणी बहार केलीय. पाणी आत आल्यावर ती गावाकडे बघत नाही, खाडीकडेही नाही. स्वतःच्या हातांकडे बघते. चार सेकंद. बाकी अडीच तास कचऱ्यात टाका. मी ते चार सेकंद सहा वेळा लावले.
कु. म्हणाली, "तुम्हाला तिने का उघडली ते शोधायचंय की डोळे काढायचेत?"
कारण कळल्याशिवाय डोळे कसे काढणार? नजर कुठे ठेवू?

२० जुलै, रविवार
मावशीकडे जाऊन आलो. कासूला उतरलो, पुढे चालत. वाटेत पारावर दोन पोरं ते गाणं म्हणत होती. मला बघून गप्प झाली. मला बघून का?

मावशीने सुका जवळा परतला, भाकरी घातली. त्र्याहत्तर वय, कंबर वाकली, पण नजर तशीच. उजव्या डोळ्याची पापणी जरा उतरलेली, त्यामुळे ती कायम काहीतरी मोजत असल्यासारखी वाटते. पिक्चर तिला माहीत आहे. शेजारच्या सुनेने मोबाईलवर दाखवला. "लय गोरी हाय रे ती," एवढीच टीका.

आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. मावशी, त्या दिवशी काय झालं?
उरलेला सुका जवळा सुपात घेऊन खडे वेचायला लागली. मग सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.
"त्या दिशी दाराची पाली तुझ्या काकांची होती. ओहोटीला फल्या वर घ्यायच्या, पावसाचं पानी जाऊ द्यायचं, भरतीच्या आदी परत बसवायच्या. हे गेले हलदीला. प्यायले. मी वाट बघितली, मग मीच गेले. बायकांनी फलीला हात लावायचा नाय, म्हायती होतं. दोन बसवल्या. तिसरी बसंना. फुगलेली पान्यानं. बसले तिच्यावर, नाचले. हाका मारल्या. हलदीला बाजा लागलेला, कोन आयकतंय."
मग का नाही सांगितलंस कोणाला?
"ह्यांना गावानं वालीत टाकला असता. मना काय, मना नावं ठेवली फकस्त."

म्हणजे कारण नव्हतंच. फळी फुगली होती. मास्तरांचा संताप नाही, पिक्चरचा प्रेमभंग नाही. सेहेचाळीस वर्षं एक फुगलेली फळी घेऊन बसली आहे बाई.
मास्तरांना ठाऊक होतं का? म्हणाली, "सांगितलेलं. ते बोलले, ह्यात गोष्ट नाय सोना. त्यांनी मना मोटी केली. चांगला मानूस."
गाडीत रडू आलं. खिडकीकडे तोंड केलं.

४ ऑगस्ट, सोमवार
सगुणीची आखणी केली. सकाळी सातला बसलो. रंगाऱ्यांना मीच म्हटलं, लावा रे गाणं. त्या श्वासावर हात टेकवायचा होता. नजर हातांकडे, फळीच्या जरा खाली. दहापर्यंत दोन्ही डोळे पूर्ण.
इतकं सरळ काम वर्षानुवर्षांत झालं नव्हतं. ब्रश खाली ठेवावासा वाटेना.

मागे सरलो आणि बघितलं. उजवी पापणी उतरलेली. मावशी बसलीय समोर, जवळा निवडत असल्यासारखी.
बाबांचा एकच दंडक होता. जित्या माणसाचे डोळे मूर्तीला काढायचे नाहीत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तीस वर्षं पाळला. आज हाताने परस्पर काढले, मला न विचारता.

कु. डबा घेऊन आली, बघून डबा तसाच धरून उभी राहिली. "पुसा ते."
पुसतो म्हटलं.

५ ऑगस्ट, मंगळवार
पुसले नाहीत. पांढरा रंग कालवला, ब्रश बुडवला, परत ठेवला. असे डोळे माझ्या हातून पुन्हा व्हायचे नाहीत हे मला कळतं. हे खरं कारण आहे. बाकी कु.ला जे सांगितलं (वेळ नाही, मंडळाची घाई) ते खोटं. निदान इथे तरी खरं लिहितो.
रोहा कुठे, खाडीवरचं गाव कुठे. कोण ओळखतंय.

१८ ऑगस्ट, सोमवार
पुतळा रोह्याला पोचवला. टेम्पोत मागे मीच बसलो. नागोठण्यानंतर पाऊस, तोंडावर प्लॅस्टिक बांधलेलं होतं. निडीजवळ वाऱ्याने ते सुटलं. परत बांधेपर्यंत रस्त्यावरच्या दोन बाया बघत उभ्या राहिल्या. एकीने हात जोडले, दुसरीने तिचा हात खाली ओढला.

राजूशेठ पुतळ्यासमोर आला आणि दोन पावलं मागे सरला. मग म्हणाला, "दादा, पिक्चरच्या बाईसारखी नाही ही. पण भीती वाटते. राहू दे." लगेच गाणं लावून व्हिडिओ काढला. मी म्हटलं, गणपती बसेपर्यंत टाकू नकोस. हो हो म्हणाला.

२१ ऑगस्ट, गुरुवार
टाकलाच. कालपासून सगळीकडे फिरतोय.
सकाळी जानूकाकांचा फोन. मावशीच्या गावचे पंच. बाबांचे दोस्त होते, मला खांद्यावर घेऊन फिरलेले आहेत. आवाज नेहमीसारखाच, हळू.
"विलास, आमच्या सोनीला रोह्यात उबी केलीस."
म्हटलं, काका, पिक्चरमधली आहे ती.
"डोले पिक्चरमंदले नायत." मग, "परवा अवस. उदान मोटं हाय. बांद कच्चा झालाय औंदा." आणि फोन ठेवला. बांधाचा आणि पुतळ्याचा काय संबंध, ते विचारायचं मला सुचलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
दुपारच्या भरतीला बांधाला खांड गेली, भगदाडच पडलं. उघाडीच्या डाव्या हाताला, वीसेक फूट. लावणी झालेलं सगळं भात खाऱ्या पाण्याखाली. मावशीच्या शेजारच्या सुनेने फोन केला. मावशीच्या घरात पाणी नाही, घर उंचावर आहे. हे सांगताना ती चाचरत होती. मी बरं झालं म्हटलं. ती म्हणाली, "बरं नाय झालं दादा. सगल्यांच्या घरात शिरलं, हिच्याच नाय."

२५ ऑगस्ट, सोमवार
मावशीकडे. दारात लिंबू, हळद, टाचण्या. तिने पायाने बाजूला सारलं आणि त्याच जागी चपला काढल्या. नळाला पाणी नाही. आजूबाजूला सगळीकडे आहे. विचारलं तर म्हणाली, वॉल बिघडला असंल.
पोरं लांब उभी राहून गाणं म्हणत होती. मी धावून गेलो तर पळाली नाहीत. म्हणतच राहिली, हळू आवाजात, माझ्याकडे बघत.

तिच्या पाया पडलो. माझ्यामुळे झालं सगळं, म्हटलं. हमरापूरला चल.
"तुज्यामुले कशाला? बांद मातीचा हाय, जातो कदी कदी." मग, "मी आले तर त्यांचं खरं व्हतं रे."
पोलिसांत जाऊया म्हटलं. तक्रार तिनेच द्यायला हवी. म्हणाली, आपल्या मानसांवर कागद नाय करायचा.
आपली माणसं.

२६ ऑगस्ट, मंगळवार
रंगाची पेटी घेऊन रोह्याला गेलो. पुसून टाकणार, नटीचे डोळे काढून देणार, कपाळ फोडून घेणार, काय वाटेल ते. उद्या गणपती बसायचा, मांडवात आधीच गर्दी. सगुणीसमोर दोरी बांधलीय. पायाशी नारळ. कुणीतरी कुंकू लावलंय, कुणीतरी चप्पल ठेवलीय. दोन्ही एकाच पुतळ्याला.

राजूशेठने माझा हात धरला. "दादा, हात लावू नका. तिलाच बघायला येतायत लोक. तुमच्या गावाकडचा बांध फुटला ना? सगळ्यांना कळलंय."
त्याला सगळं सांगितलं. मावशी, हळद, फुगलेली फळी.
ऐकून घेतलं त्याने, खोटं बोलणार नाही. मग म्हणाला, "म्हणजे खरी बाई आहे?" आणि त्याचा चेहरा उजळला. करायला गेलो काय आणि झालं काय.

२७ ऑगस्ट, बुधवार
घरचा गणपती बसला. मी नुसते टाळ वाजवले, आरती कु.ने म्हटली.

३० ऑगस्ट, शनिवार
गावकीची बैठक, देवळात. मला बोलावलं होतं. मावशीला नाही. चाळीसेक पुरुष.
मी उभा राहिलो. सांगितलं, डोळ्यांची चूक माझी. आणि सेहेचाळीस वर्षांपूर्वीचंही सांगितलं, काकांचं नाव घेऊन. काका गेलेत, त्यांना आता कोण वाळीत टाकतंय. मावशीला न विचारता सांगितलं. फळी फुगली होती, ती बंद करायला गेली होती, तुम्ही हळदीत नाचत होतात.

कोणी रागावलं नाही. त्याचीच भीती वाटली. जानूकाका समजावल्यासारखे म्हणाले, "फली फुगली म्हनून गाव बुडतं काय रं? कायतरी कारन पायजे."
दुसरा कोणी, "पुस्तकात लिवलंय. पिच्चरमंदी दाखवलंय. सगले खोटे, तू एकटा खरा?"
"फलीला हात लावला का नाय तिनं?" लावला, म्हटलं. "मंग झालं."

शेवटी ठरलं ते असं. खांड भरायला घेतायत. पूर्वी म्हणे बांध धरेना तर त्यात जिता माणूस द्यायचे. आता कायदा आहे, जमाना बदलला, कोणी तसलं काही बोलत नाही. पण विसर्जनानंतर तो पुतळा गावाला द्यावा. खांडीत घालायचा, वर माती. मग कोणाच्या मनात काही राहणार नाही.
"आनि सोनी सुकात राहील," जानूकाका म्हणाले. अगदी मायेने.
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

३ सप्टेंबर, बुधवार
मावशीला सांगितलं. दोन्ही गोष्टी. काकांचं नाव घेतलं हे ऐकून तिने तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत माझ्यावर चिडलेली पहिल्यांदा बघितली. "मेलेल्या मानसाला उगडा केलास. मी येवडं कशापायी गप्प बसले?"
पुतळ्याचं ऐकून उठून गेली, परत आली. "आनि बांद परत फुटला तर?"
मी निघायला उठलो.
"तर काय घालतील रे त्यात?"

६ सप्टेंबर, शनिवार
विसर्जनानंतर राजूशेठने स्वतः टेम्पो दिला. त्याची माणसं व्हिडिओ काढायला बरोबर निघाली होती, त्यांना मी उतरवलं. भांडून, शिव्या देऊन. पेटी बरोबर नेली होती. टेम्पोत डोळे पुसायला बसलो, पांढरा हात दिला, वाळल्यावर काळं खालून पुन्हा दिसायला लागलं. दुसरा हात दिला. तरी दिसतं. की मलाच दिसतं?

७ सप्टेंबर, रविवार
ओहोटीला पुतळा खांडीत घातला. सगळं गाव होतं, बायकाही. गाणं लावलं होतं, ट्रॅक्टरवर. मला वाटलं होतं नाचतील, हसतील. कोणीही हललं नाही. गाणं संपलं की पहिल्यापासून. माती पडत होती, आणि दर वेळी तो श्वास ऐकू येत होता. शेवटची पाटी जानूकाकांनी मला दिली. टाकली.
रात्री मावशीकडेच राहतो. कु.ला फोन केला. तिने विचारलं, "संपलं?" म्हटलं, बांध भरला.

८ सप्टेंबर, सोमवार
मावशीच्या ओटीवर बसून लिहितोय. पितृपक्ष लागला. एकच्या सुमाराला भरती पूर्ण होईल, पुनवेचं उधाण, या महिन्यातलं मोठं. आता सव्वाबारा. सकाळपासून पाऊस नाही, वारा आहे.

अकराला बांधावर जाऊन आलो. नव्या मातीतून एका जागी पाणी झिरपतंय, बोटभर. मी बघितलं, जानूकाकांनी बघितलं. म्हटलं, काका, पेंढा आणा, गोणी आणा, अजून वेळ आहे. ते म्हणाले, "आनतो ना." कोणी उठलं नाही. कासूवरून रिक्षा बोलावलीय. रिक्षावाला अगोदर हो म्हणाला, मग कोणतं घर ते ऐकून म्हणाला, बघतो. अजून आला नाही. फोन उचलत नाही.

मावशीने पिशवी भरायला नकार दिला. आंघोळ केली, चांगलं लुगडं नेसली, चुलीवर चहा ठेवला. काकांना पान वाढायचं म्हणून भात टाकलाय. मी तिला म्हटलं, चालत निघू, मी धरतो तुला. म्हणाली, वाट एकच हाय, गावातनं.

आता बांधावर माणसं उभी राहिली आहेत. ओळीने. पाणी चढतंय ते त्यांच्या मागे, त्यांची पाठ खाडीकडे आहे. तोंडं आमच्या घराकडे. हातात फावडी आहेत, पण माती कोणी ओढत नाही.
मावशी आतून विचारते, "किती जनं हायत?"
बारा-तेरा असतील, म्हटलं.
"आपल्या वलकीचे हायत ना?"
म्हटलं, सगळेच.